पोर्टिंग केलेल्या चेनसॉची रिंग परत परत तुटते आणि गॉगल घालूनही डोळ्यात कचरा जातो, दोन्ही सापडलं ते सांगतो

काकांची मशीन तिसऱ्यांदा परत आली तेव्हा उघडायच्या आधीच मला कळलं होतं आत काय असणार ते. दोरी ओढली तर हाताला काहीच लागेना, सायकलची चेन उतरल्यावर पॅडल फिरतं तशी सुळकन बाहेर. सायलेन्सर खोलला, एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारली, रिंगचा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्याचा, अर्ध्या इंचाचा तुकडा गायब आणि पिस्टनच्या डोक्यावर बारीक बारीक ठोके, म्हणजे तुकडा आत नाचून बाहेर गेलेला. काका काही बोलले नाहीत, नुसतं "परत तेच ना?" एवढंच, आणि ते जास्त लागलं.

तर प्रॉब्लेम असा: पोर्टिंग, म्हणजे जोर वाढवायला सिलेंडरची आत-बाहेरची भोकं घासून मोठी करणं, ते केलं की मशीन पहिले पंधरा-वीस दिवस वाघासारखी चालते, मग एक दिवस फुल रेसमध्ये असतानाच टक्क आवाज येतो आणि बंद. दर वेळी रिंग, दर वेळी एक्झॉस्टच्याच बाजूला. माझ्याकडं अशा एकूण चार मशीन झाल्या, त्यातली एक माझी स्वतःची, म्हणून गिऱ्हाइकानं तेल कमी घातलं असेल असं म्हणायची सोय पण राहिली नाही.

थोडं मागचं सांगतो. आम्ही दापोलीच्या बाजूचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इकडं सुपारी, नारळ, आंबा, फणस, किनाऱ्यावरची सुरूची झाडं, सगळं आडवं झालं, आणि त्याच्यानंतर गावात दर दहाव्या घरात एक कटर मशीन आली. बहुतेक त्या स्वस्तातल्या, वर ५८ सीसी नाहीतर ६२ सीसी स्टिकर मारलेल्या. मी एकदा खोलून मोजली तर बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ४५.२ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ३२.५, आता हे गणित करा, ०.७८५४ गुणिले ४.५२ चा वर्ग गुणिले ३.२५, उत्तर येतं ५२. सहा-दहा सीसी नुसत्या स्टिकरमध्ये. असो. वादळाचं लाकूड संपलं, मशीन राहिल्या, आणि आता लोक त्याच्यावर ऐन, किंजळ, आकेशियाचे जाड ओंडके कापतात आणि म्हणतात जोर कमी पडतोय, काहीतरी कर.

आणि मला काहीतरी करता येत होतं. कोल्हापूरला माझा एक मित्र आहे, त्याच्याकडं मी वर्षभर यामाहाच्या आरएक्स १०० मोटारसायकलवर हात साफ केला. कोल्हापूर-सांगलीकडं आरएक्सचं वेड काय आहे ते वेगळं सांगायला नको, १९९६ ला बंद झालेली गाडी पण तिच्या सिलेंडरवर अजून लोक रात्री जागवतात. तिथं शिकलो तेच चेनसॉवर केलं. एक्झॉस्ट वर उचलला, रुंद केला, वरची कड सरळ चौकोनी केली, इनलेट, म्हणजे मिक्चर आत यायचं भोक, खाली घेतला, आतून आरशासारखं पॉलिश. मशीन चालू केली तर आवाजच बदलला, मी खूश, गिऱ्हाईक खूश.

मग रिंगा तुटायला लागल्या.

पहिल्यांदा म्हणलं रिंग डुप्लिकेट आहे. चांगली आणली, ती पण तुटली. मग म्हणलं तेल कमी पडतंय, १:४० च्या जागी १:२५ करायला लावलं, त्यानं झालं एवढंच की प्लग काळा आणि काकांच्या बागेत धूर. मग पिस्टन बदलला. प्रत्येक वेळी तुटलेली वस्तू बदलत होतो आणि सिलेंडर मात्र तोच परत बसवत होतो, कारण सिलेंडर मी स्वतः केला होता ना, त्यात चूक कशी असेल.

शेवटी कागद घेतला. ही युक्ती कोणीही करू शकतं म्हणून नीट सांगतो. साध्या वहीचा कागद, बोअरच्या आत गोल गुंडाळून भिंतीला चिकटवायचा, एक्झॉस्टच्या भोकावर बोटानं दाबून कडा उमटवायच्या, वरून पेन्सिल घासली की भोकाचा ठसा येतो. कागद बाहेर काढून सपाट करायचा आणि मोजायचं. कंपनीच्या न केलेल्या सिलेंडरचा ठसा आला २८ मिमी. माझ्या केलेल्याचा ३६ मिमी. आता इथं एक गोची आहे, कागदावर मोजता ती गोलाईवरची लांबी, पण रिंगला महत्त्वाचं असतं ते भोकाचं सरळ अंतर, या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणल्यासारखं. ते काढलं तर २८ चं होतं २६.२, म्हणजे बोअरच्या ५८ टक्के. आणि ३६ चं होतं ३२.३, म्हणजे ७१ टक्क्याच्या वर. व्हर्नियरचे जबडे बोअरमधून भोकाच्या दोन कडांवर टेकवून पण हे सरळ अंतर मोजता येतं, गणिताचा कंटाळा असेल तर.

७१ टक्के म्हणजे काय होतं? रिंग ही स्प्रिंग आहे, ती कायम बाहेर फाकायला बघते, बोअरची भिंत तिला धरून ठेवते. भोक आलं की तेवढ्या भागाला भिंतच नाही, रिंग भोकात थोडी फुगते, आणि पुढच्या क्षणी भोकाची कड येते आणि तिला परत आत ढकलते. भोक लहान असेल, कड कमानीसारखी असेल तर हळूहळू आत जाते. भोक रुंद आणि कड सरळ चौकोनी असेल तर पूर्ण रुंदी एकदम कडेवर आपटते. आणि हे १२,००० आरपीएमला मिनिटाला २४,००० वेळा, एकदा वर जाताना एकदा खाली येताना, म्हणजे सेकंदाला ४०० ठोके. रिंग पंधरा दिवस टिकली हेच नवल म्हणायचं.

मग दुसरी गोष्ट तपासली, कानात घालायची कापसाची काडी घेऊन भोकाच्या सगळ्या कडेवरून फिरवली. वरच्या कडेला दोन ठिकाणी कापसाचे धागे अडकले. बोटाला कड गुळगुळीत लागत होती, कापसाला लागली नाही. तेव्हापासून बोटावर विश्वास ठेवत नाही.

कोल्हापूरच्या मित्राला फोन केला, भावा असं असं झालंय. तो म्हणाला, "अरे पण तुझ्या मशीनला लायनर आहे का?" आणि तिथंच डोक्यात लख्ख झालं.

आरएक्सच्या सिलेंडरमध्ये बीडाचा लायनर, म्हणजे आतून बसवलेली नळी, असतो. चुकलं तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो, कड कानशीनं मारता येते. चेनसॉच्या सिलेंडरला लायनर नसतो, अॅल्युमिनियमवर थेट कोटिंग, चांगल्यात निकल-सिलिकॉन कार्बाइडचं, स्वस्तात क्रोमचं, केसाएवढा थर. तो गेला की गेला, बोअर करायचा प्रश्नच नाही. दुसरं, आरएक्सला रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी पातळ झडप, आहे, इनलेट केव्हा बंद होणार ते रीड बघते. चेनसॉमध्ये बहुतेक मशीनला पिस्टनचा स्कर्टच, म्हणजे खालचा घेरच, इनलेट उघडतो आणि झाकतो, तुम्ही इनलेटची खालची कड आणखी खाली घेतली की तो उशिरा बंद होतो आणि कमी रेसला पेट्रोल कार्बोरेटरमधून उलटं थुंकतं. माझ्या दोन मशीनचा एअर फिल्टर कायम ओला का असायचा ते तेव्हा कळलं. तिसरं, आरएक्सवाले एक्झॉस्ट वर उचलतात कारण पुढं एक्सपान्शन चेंबर, म्हणजे मधे फुगलेला सायलेन्सरचा पाइप, असतो, तो गेलेलं मिक्चर परत ढकलतो. चेनसॉला आहे काय तर एक डबा. डबा काही परत ढकलत नाही, तुम्ही एक्झॉस्ट लवकर उघडला की दाब फुकट जातो आणि खालचा जोर पडतो. रिकामी रेस छान वाजते, ओंडक्यात पट्टी (चेन जिच्यावर फिरते ती) घातली की बसते. काकांनी एकदा म्हणलं होतं की "आवाज मोठा झाला रे, पण फणसात पहिल्यासारखीच दमते". मी हसण्यावारी नेलं होतं.

म्हणजे मी चेनसॉवर आरएक्स करत होतो.

आता ज्यांच्या हातात आधीच असा सिलेंडर आहे त्यांच्यासाठी. सरळ अंतर बोअरच्या ६५ टक्क्यांच्या आत असेल आणि फक्त कड टोकदार किंवा चौकोनी असेल तर वाचतो, वरची कड भुवईसारखी कमानदार करा, कोपरे मोठ्या गोलाईचे करा, आणि सगळ्या कडेला चाम्फर द्या, म्हणजे टोक तिरकं घासून मारा, खालच्या कडेला पण, लोक वरची करतात आणि खालची विसरतात. ७० च्या पुढं गेला असेल तर तो शोकेसमध्ये ठेवा. वेल्डिंग करून भरतो म्हणणारे भेटतील, कोटिंगचं काय करणार ते विचारा. मी माझे चारही सिलेंडर बाद केले आणि नवीन किट स्वतःच्या खिशातून टाकली, त्या महिन्याचा हिशोब बायकोला दाखवला नाही.

नवीन सिलेंडरवर आता काय करतो ते सांगतो, यात जास्त वेळ मोजण्यात जातो, कापण्यात कमी.

आधी सायलेन्सर. हे पोर्टिंगच्या आधी करा. बऱ्याच स्वस्त मशीनच्या सायलेन्सरचं बाहेरचं तोंड एवढं बारीक असतं की आत काहीही करा, नाकात बोळा घालून पळण्यासारखं आहे. तोंड मोठं करा, ठिणगी अडवायची जाळी मात्र परत बसवा, एप्रिल-मे मध्ये वाळक्या गवतात काम करता तुम्ही. नुसतं एवढं करून कार्बोरेटर परत लावला की निम्म्या लोकांचं समाधान होतं आणि सिलेंडरला हातच लावावा लागत नाही.

मग डिग्री व्हील, म्हणजे क्रँक किती डिग्री फिरला ते दाखवणारी चकती. विकत घ्यायची गरज नाही, पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक झेरॉक्सवाल्याकडं मोठा करून गोल कापला, पुठ्ठ्यावर चिकटवला, फ्लायव्हीलच्या नटावर बसवला, तारेचा काटा केला. टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, डोळ्यानं ठरवू नका, प्लगच्या भोकातून पिस्टन अडेल असं काहीतरी मऊ घाला, मी दोरीच वापरतो, दोन्ही बाजूंनी फिरवून अडेल तिथले आकडे घ्या आणि मधला तो टीडीसी. माझ्या नवीन किटमध्ये एक्झॉस्ट टीडीसीनंतर १०४ डिग्रीला उघडत होता, ट्रान्सफर, म्हणजे क्रँककेसमधलं ताजं मिक्चर वर आणणारं भोक, १२२ ला. मधला फरक १८, एवढ्या वेळात जळालेला गॅस बाहेर पडून सिलेंडरमधला दाब उतरतो, मग खालून ताजं मिक्चर येतं. लाकूड कापायच्या मशीनला हे आकडे वाईट नाहीत. मी उंचीला हातच लावला नाही. या मापाच्या इंजिनात एक्झॉस्टचा १ मिमी म्हणजे जवळजवळ ४ डिग्री होतात, कानशीचे दोन हात जास्त पडले की गणित बदलतं.

मग स्क्विश, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना डोकं आणि सिलेंडरचं छत यातली फट. दीड मिमीची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत, टोक भिंतीला टेकेपर्यंत, गजन पिनच्या (पिस्टन जिच्यावर डुलतो ती) रेषेत दोन्ही बाजूंना, कारण दुसऱ्या रेषेत घातली तर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. फ्लायव्हील हातानं टीडीसीच्या पुढं काढायचं, तार चेपते, टोकाची जाडी व्हर्नियरनं मोजायची. माझी आली १.१ मिमी. खालचं पॅकिंग होतं ०.५ मिमीचं. पॅकिंग काढून उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा पातळ थर लावला, परत मोजलं, ०.६. कॉम्प्रेशन १३० वरून १५५ पीएसआयला गेलं आणि खर्च शून्य. ०.५ च्या खाली मी जात नाही, बेअरिंगला थोडा जरी प्ले आला तरी पिस्टन छताला टेकेल. आणि लक्षात ठेवा, पॅकिंग काढलं की अख्खा सिलेंडर अर्धा मिमी खाली येतो, म्हणजे एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर दोन डिग्री उशिरा आणि इनलेट तेवढा लवकर उघडतो. म्हणून आधी पॅकिंगचं ठरवा आणि मग टायमिंग मोजा, मी पहिल्यांदा उलटं केलं होतं.

एक्झॉस्टची रुंदी आता ६२ टक्क्यांपर्यंत नेतो, बास. रुंद करायच्या आधी पिस्टन आत घालून एक्झॉस्टमधून पेन्सिलनं खुणा करा की स्कर्ट कुठपर्यंत झाकतो, दोन्ही बाजूंना दीड-दोन मिमी तरी झाकण राहिलं पाहिजे. स्वस्त पिस्टनचे स्कर्ट अरुंद असतात, भोक स्कर्टच्या बाहेर गेलं की एक्झॉस्ट आणि क्रँककेस एक होतात, मग मशीन आयडलला धरतच नाही आणि तुम्ही कार्बोरेटर फिरवत बसता. तसंच रिंगची लॉकिंग पिन कुठं आहे ती बघा. रिंगची दोन तोंडं जिथं भेटतात ती जागा कधीही कुठल्याही भोकावरून जाता कामा नये, ट्रान्सफर किंवा इनलेट त्या बाजूला रुंद केला तर टोक भोकात अडकून रिंग पहिल्या दिवशीच जाते, पंधरा दिवस पण नाही.

हत्यारांचं म्हणाल तर सोनाराकडं असते ती टांगलेली मोटर आणि लवचिक शाफ्ट, ती सगळ्यात बेस्ट. वरच्या ट्रान्सफरला सरळ हँडपीस पोचत नाही, त्याला दाताच्या डॉक्टरकडचा वाकड्या मानेचा हँडपीस लागतो, जुना मिळतो, मी विचारायला गेलो तेव्हा डॉक्टरना वाटलं दात दाखवायला आलोय. अॅल्युमिनियमला मोठ्या दातांचा कार्बाइड बर (घासायचं फिरतं टोक) वापरा, बारीक दातांचा लगेच भरतो, अधूनमधून मेणबत्तीवर टेकवा म्हणजे चिकटत नाही. कोटिंगची कड मात्र डायमंड बिटनं, आणि दाब असा हवा की कोटिंग मागच्या अॅल्युमिनियमवर दाबलं जाईल, बोअरच्या पोकळीकडं ओढलं गेलं तर कपचा उडतो. पॉलिशच्या मागं लागू नका, आरसा करून इनलेटला काही मिळत नाही. झालं की गरम पाणी आणि भांड्याचा साबण, दोनदा, नुसती हवा मारून आत राहिलेली पूड जात नाही. हवा मारण्याबद्दल पुढं येतोच.

रिंग टिकतेय पण पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूनं ओरखडून सीज होतोय असं असेल तर ती वेगळी भानगड आहे, मिक्चर लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. जास्त हवा आत येतेय तर पेट्रोल पण जास्त लागणार, पोर्टिंगनंतर कार्बोरेटरचा एच स्क्रू (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) जुन्याच जागी ठेवून मशीन परत देणं म्हणजे सीज व्हायला पाठवणं. रिकाम्या फुल रेसला आवाज थोडा फाटका, बडबडल्यासारखा आला पाहिजे आणि पट्टी लाकडात गेली की साफ झाला पाहिजे. रिकाम्यालाच शिट्टीसारखा साफ असेल तर स्क्रू थोडा बाहेर काढा. त्यात आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या सेटिंगवर तीच मशीन आपोआप लीन चालते, वर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात मिक्चर महिनाभर कॅनमध्ये ठेवलं तर खाली पाण्याचा थर दिसतो. थोडं थोडं बनवा. आणि सेटिंग करूनही रेस चढ-उतार करत असेल तर हवा कुठून तरी शिरतेय, इनलेटचं रबर, क्रँकची ऑइल सील, नाहीतर तुम्ही लावलेला तो सिलिकॉनचा थर. एक्झॉस्ट आणि इनलेट रबराच्या तुकड्यांनी बंद करा, अर्धा बार हवा भरा, साबणाचं पाणी लावा, बुडबुडे सांगतात.

आता डोळा. हे वेगळं लिहिणार होतो पण झालं एकाच वेळी आणि चूक पण तशीच होती.

पोर्टिंग सुरू केल्यापासून महिन्यातून एकदा तरी डोळ्यात काहीतरी जायचं. गॉगल असायचा हां, बिनगॉगलचा मी कधीच काम करत नाही, तरी रात्री डोळा खुपायला लागायचा. पाणी मारायचं, झोपायचं, सकाळी बरं. एकदा सकाळी बरं झालं नाही, डोळा लाल, उजेड सहन होईना, पापणी मिटली की वाळू. गावातल्या एकानं गमछाचं टोक ओलं करून काढून देतो म्हणलं, नशीब मी पळालो. डॉक्टरनी पिवळी पट्टी डोळ्याला लावली, निळ्या उजेडात बघितलं आणि म्हणाले बुबुळावर उभे ओरखडे आहेत, समांतर, म्हणजे वस्तू बुबुळावर नाही, वरच्या पापणीच्या आत चिकटलीय आणि तुम्ही पापणी मिटता तशी खरवडतेय. पापणी कापसाच्या काडीवर उलटी केली आणि टोकानं उचललं. पांढऱ्या गॉजवर ठेवून दाखवलं, नखाच्या कोरीएवढी चमकी, अॅल्युमिनियमची. तीच कापसाची काडी बघून मला हसू आलं, डॉक्टरना कळेना हा का हसतोय.

तेव्हा ठरवलं की आत जातं कुठून ते शोधायचं, नुसतं धूत बसायचं नाही. पुढच्या कामाला गॉगल लावला, डोक्याला काळी टोपी, आणि काम झाल्यावर काहीही न काढता आरशासमोर गेलो. टोपी चंदेरी, भुवया चंदेरी, गॉगलची वरची फट चंदेरी. काच पुढून एकदम साफ. म्हणजे कचरा समोरून येतच नव्हता. बोअर म्हणजे तोंड वर केलेली नळी, आपण वाकून आत बघतो, बर आत फिरतो, चिप्स नळीतून वर येतात, हनुवटीखालून आणि गालावरून. साध्या चष्म्यासारख्या सेफ्टी ग्लासला खाली आणि वर फट असते, तिथून आत. दुसरं, कंप्रेसरची हवा बोअरमध्ये मारली की ती छताला आपटून त्याच भोकातून तोंडावर परत येते. तिसरं, जे मला सगळ्यात जास्त महागात पडत होतं: काम झालं की मान मागं टाकून गॉगल कपाळावर सरकवायची सवय. भुवईवरची सगळी पूड सरळ डोळ्यात. आणि चौथं आपल्या कोकणातलं, जूनमध्ये काचेवर वाफ धरते, मग गॉगल वर, पुसला, परत खाली, प्रत्येक वेळी कपाळावरचा कचरा आत घेऊन.

त्यामुळं आता चेहऱ्याला रबरानं चिकटून बसणारा बंद गॉगल, आडवळणाच्या हवेच्या भोकांचा, सरळ भोकांचा नाही, आणि ग्राइंडरचं काम असेल तर त्याच्यावर फेसशील्ड पण, नुसतं फेसशील्ड नाही कारण खालून ते उघडंच असतं. घेताना काचेवर किंवा फ्रेमवर काय छापलंय ते वाचा. आपल्याकडचं आयएस ५९८३, युरोपचं ईएन १६६, त्यात एफ अक्षर असेल तर ४५ मीटर सेकंदाला येणारी छोटी स्टीलची गोळी झेलण्याची टेस्ट झालेली असते, बी असेल तर १२० ची. बंद गॉगल बी चा घ्या. नंबरच्या चष्म्याला गॉगल समजू नका. आणि पेट्रोलच्या किंवा थिनरच्या फडक्यानं पुसू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा जातात आणि मग ती काच दिसायलाच काच राहते. वाफेला आतून भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून सुकवतो, आणि पंखा पाठीमागून लावतो. हवा मारायची झालीच तर बोअरचं तोंड भिंतीकडं करून, वर फडकं धरून. काढताना मान खाली, डोळे मिटून, आधी टोपी, मग भुवया झटकायच्या, मग तोंड धुवायचं, मग गॉगल.

चेनसॉ हेल्मेटला पुढं जाळी असते ती घालून पोर्टिंग करणारा एक जण मी बघितलाय. ती जाळी लाकडाच्या भुशासाठी आहे, अॅल्युमिनियमची पूड तिच्यातून पिठासारखी चाळून येते.

गेलंच डोळ्यात तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं धुवा. निघालं नाही, दिसायला धूसर झालं, किंवा बर तुटून, ग्राइंडरवरून, छिन्नीहातोडीनं जोरात काही लागलं असेल तर धुवू पण नका आणि दाबू पण नका, कागदी कप डोळ्यावर उलटा ठेवून चिकटपट्टी लावा आणि थेट डोळ्याचा डॉक्टर गाठा. लोखंड असेल तर एका दिवसात बुबुळावर गंजाचं वळं पडतं, चुंबकानं काढतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, आणि अॅल्युमिनियमला तर चुंबक लागतच नाही. बधिर करायचे थेंब डॉक्टर तपासताना घालतात, ते घरी मागू नका, दुखत नाही म्हणून माणूस चोळत राहतो आणि जखम भरत नाही. आणि लाकडाचा तुकडा, उसाचं पान, भाताची लोंबी असलं काही लागलं असेल तर मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब म्हणून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका, झाडपाल्याच्या जखमेत बुरशी धरते आणि स्टेरॉइड तिला खतपाणी घालतं, अशानं बुबुळ गेलेली माणसं शेतीच्या गावात मिळतात. मध, गुलाबपाणी, आईचं दूध यातलं पण काही नको.

काकांच्या मशीनला आता सात महिने झाले. मागच्या आठवड्यात चेन धारेला घेऊन आले होते, मी न विचारता सायलेन्सर खोलून टॉर्च मारली, रिंग अख्खी, पिस्टनवर घासल्याच्या बारीक उभ्या रेघा, बास. बारा इंची आकेशिया आधी १४ सेकंदात जायचा तो आता ११ मध्ये जातो, त्याच चेनवर, नवी धार लावून मोजलेला. काका म्हणाले आवाज मात्र पहिल्यासारखा येत नाही रे, तो जरा चांगला होता.